फोंतानाचे मातीचे ख्रिस्त आणि त्यांचे टीकाकार

आमच्या एका स्नेह्यांना चित्रशिल्पांचा मोठा नाद आहे. घरात संग्रह पुस्तकांचाच, वस्तूंचा नव्हे. पण युरोपातील संग्रहालयांची नावे ते आपल्या गावच्या आळ्यांप्रमाणे घडाघडा सांगतात. परवा त्यांच्यापुढे आम्ही लुच्यो फोंताना या इटालियन शिल्पकाराच्या एका क्रूसारूढ ख्रिस्ताचे रंगीत छायाचित्र ठेवले. ख्रिस्त भाजलेल्या मातीचा, अंगावर काचेसारख्या चकाकत्या लुकणाचा जाड थर. देहाची ठेवण अशी की, ओल्या मातीचा लोळा एका झटक्यात पिळून क्रूसावर दाबला असावा. मान कोठे संपते आणि खांदा कोठे सुरू होतो ते सांगता येत नाही, आणि रंग तर देहाची मर्यादा सोडून वाटेल तिकडे वाहत गेलेला. स्नेह्यांनी चष्मा कपाळावर चढविला, छायाचित्र हातभर लांब धरले आणि म्हणाले, "भट्टीत बिघडलेले दिसते."

थट्टा म्हणून आम्ही ही गोष्ट सोडून दिली असती. परंतु याच गृहस्थांनी महिन्यापूर्वी याच फोंतानाच्या एका चिरलेल्या कॅनव्हासची आमच्याजवळ तासभर स्तुती केली होती. एकरंगी पट, त्यावर धारदार पात्याने ओढलेली एक उभी चीर, एवढाच त्या चित्राचा ऐवज. पण त्यात त्यांना अवकाश, अनंत आणि आधुनिक मनाची सारी तळमळ दिसली होती. मग ख्रिस्ताने काय पाप केले? आम्ही तसे विचारताच उत्तर तयारच होते. "अहो, ते मातीकाम त्याने पोटासाठी केले. पाद्र्यांनी सांगितले, याने करून दिले. त्यात फोंताना शोधू नये."

हे मत आमच्या स्नेह्यांचे एकट्याचे असते तर त्यासाठी मासिकाची पाने अडविण्याचे कारण नव्हते. पण फोंतानावर जे काही लिहिले जाते त्यापैकी बऱ्याच लेखनात हाच सूर आढळतो. १९४९ साली त्याने कॅनव्हासला भोके पाडली, १९५८ पासून चिरा पाडल्या, १९६६ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याला चित्रकलेचे पारितोषिक मिळाले, १९६८ साली तो वारला; इतके सांगितले की चरित्र पुरे झाले. आगेमागे कोठेतरी एखाद्या वाक्यात त्याने चर्चसाठी काही मृत्तिकाशिल्पेही केली अशी नोंद होते. ही नोंद करण्याचा सूर, एखाद्या थोर कवीने तरुणपणी शिकवण्या केल्या होत्या हे सांगण्याचा जो सूर असतो, तसाच असतो. आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. फोंतानाची धार्मिक मृत्तिकाशिल्पे ही त्याच्या कलेची परसदारची बाजू नसून तिचा गाभारा आहे; चिरलेला कॅनव्हास ज्याला कळला असे ज्याला वाटते आणि मातीचा ख्रिस्त ज्याला 'बिघडलेला' वाटतो, त्याला कॅनव्हासही कळलेला नाही.

प्रथम माणूस कोण ते पाहू. फोंताना १८९९ साली आर्जेन्टिनातील रोसारियो येथे जन्मला. बाप इटालियन शिल्पकार. थडग्यांवरील स्मारके घडविणे हा त्याच्या कारखान्याचा मोठा उद्योग. म्हणजे मृत्यू, देवदूत आणि संगमरवर ही मुलाच्या घरचीच. पुढे मिलानच्या ब्रेरा कलाशाळेत त्याने आदोल्फो विल्ट याच्या हाताखाली धडे घेतले. विल्ट हा संगमरवराला हस्तिदंताची झळाळी येईपर्यंत घोटणारा कारागीर. त्याच्या शिष्याने घोटीवपणाचा वारसा पुढे चालवावा अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. शिष्याने १९३० साली काय केले, तर प्लास्टरचा एक ओबडधोबड मनुष्याकार करून त्यावर डांबर ओतले. काळ्या मनुष्याची ही मूर्ती म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाशी त्याने केलेली फारकतच होती, आणि ती त्याने अखेरपर्यंत पाळली.

१९३५-३६ च्या सुमारास तो लिग्युरियाच्या किनाऱ्यावरील अल्बिसोला या कुंभारांच्या गावी आला. या गावी मातीचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. तेथे जुझेप्पे मात्सोत्ती याचा कारखाना होता, आणि त्याचा मुलगा तुल्लिओ हा भविष्यवादी कवी व कलावंतांच्या गोटातला. मारिनेत्ती या भविष्यवाद्यांच्या म्होरक्यासह १९३८ साली त्याने मृत्तिकाकलेचा जाहीरनामाही काढला. अशा या कारखान्यात फोंतानाने मगरी, घोडे, समुद्रतळ असे काय काय घडविले. १९३७ मध्ये तो फ्रान्समधील सेव्हर येथील प्रख्यात चिनीमातीच्या कारखान्यातही काम करून आला. आणि १९३९ साली एका मिलानी नियतकालिकात त्याने स्वच्छ लिहिले की, आपण शिल्पकार आहोत, कुंभार नव्हे; आपण चाकावर कधी ताटली फिरविली नाही की फुलदाणी रंगविली नाही; नाजूक जाळीकामाचा आणि रंगांच्या मिळमिळीत छटांचा आपल्याला कंटाळा आहे.

हे वाक्य टीकाकारांच्या हाती कोलितासारखे सापडले. पाहा, म्हणतात, तो स्वतःच म्हणतो मी कुंभार नव्हे. म्हणजे मातीकाम त्याला कमी वाटत होते! असा अर्थ काढणाराने ते वाक्य अर्धेच वाचले असले पाहिजे. मातीला कमी लेखणाऱ्या माणसाने 'मी मातीकाम केले, पण ते दुय्यम' असे म्हटले असते. फोंताना म्हणतो ते असे की, मी मातीत जे केले ते शिल्प आहे. ते शोभेच्या वस्तूंच्या कपाटात ठेवू नका. मातीचा मोठेपणा सांगण्यासाठी उच्चारलेले वाक्य तिच्याविरुद्ध साक्षीला उभे करायचे, ही वकिली आहे, रसिकता नव्हे.

आता 'पोटासाठी' या आक्षेपाकडे वळू. खरे सांगायचे तर हा आक्षेप ऐकला की आम्हाला हसू येते. मिकेलांजेलोने सिस्टिन प्रार्थनागृहाचे छत पोपच्या हुकमावरून रंगविले, आणि तेही कुरकुरत. लूका देल्ला रोब्बियाच्या कुटुंबाने तर लुकण चढविलेल्या मडोना पिढ्यान् पिढ्या विकल्या. मागणीवरून केलेले काम अंतःकरणापासूनचे नसते हा नियम धरला, तर इटलीतील निम्मी चर्चे रिकामी करावी लागतील. शिवाय चिरलेल्या कॅनव्हासांनी फोंतानाचे पोट भरले नाही काय? त्याच्या अंडाकृती कॅनव्हासांपैकी एकाला २०१५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात २ कोटी ९० लक्ष डॉलरांहून अधिक किंमत आली. ही किंमत अर्थात त्याच्या मृत्यूनंतरची. पण पैशाच्या स्पर्शाने जर कला विटाळत असेल, तर तो विटाळ मातीच्या ख्रिस्तापेक्षा कॅनव्हासालाच अधिक झालेला आहे, हे टीकाकारांनी विसरू नये.

यापेक्षा सबळ पुरावा सनावळीचा आहे. १९४० मध्ये फोंताना आर्जेन्टिनाला गेला. १९४६ साली ब्युनोस आयर्स येथे त्याच्या शिष्यांनी त्याच्या प्रेरणेने 'श्वेत जाहीरनामा' प्रसिद्ध केला. रंगविलेला पट आणि घडविलेला दगड यांचा काळ संपला, आता अवकाश, काळ आणि प्रकाश हीच कलेची सामग्री, असा त्याचा आशय. १९४७ मध्ये तो मिलानला परतला. शहर बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त, त्याची स्वतःची कार्यशाळा जमीनदोस्त. अशा वेळी, अवकाशवादाची द्वाही फिरविणाऱ्या या माणसाने त्याच वर्षी काय घडविले? 'क्रूसाची वाट.' ख्रिस्ताला शिक्षा झाली तेथपासून त्याला थडग्यात ठेवले तेथपर्यंतचे चौदा मुक्काम, रंगीत लुकणाच्या मातीत. पहिले भोक पाडलेला कागद-कॅनव्हास याच्या दोन वर्षांनंतरचा आहे.

भोक आणि माती यांचा संबंध ज्याने भट्टी जवळून पाहिली त्याला सांगावा लागत नाही. आतून पोकळ आणि चोहोबाजूंनी बंद अशी मातीची वस्तू भट्टीत घातली, तर आत कोंडलेली वाफ व हवा तिच्या ठिकऱ्या उडविते. म्हणून घडविणारा तिला कोठेतरी छिद्र ठेवतो. चित्रकाराच्या डोळ्याला भोक म्हणजे पटाचा नाश. मातीत काम करणाऱ्याला भोक म्हणजे वस्तूचा श्वास. ओल्या मातीत बोट खुपसणे, काडीने रेघ ओढणे, नखाने ओरखडणे हे सारे तेथे रोजचे व्यवहार. फोंतानाने भोकाची कल्पना हिशेब करून भट्टीवरून उचलली असे आम्ही म्हणत नाही. परंतु दहा-बारा वर्षे ज्याची बोटे मातीत शिरत होती, त्याच माणसाच्या हाताला कॅनव्हास भेदण्याचे धैर्य यावे, आणि आजन्म ब्रश धरणाऱ्या शेकडो चित्रकारांना ते येऊ नये, हा केवळ योगायोग असे मानण्यास मोठी श्रद्धा लागेल.

आता त्या 'बिघडलेल्या' ख्रिस्ताकडे पुन्हा येऊ. येथे थोडी भट्टीची माहिती देणे अवश्य आहे, कारण सारा वाद तिच्यावर अवलंबून आहे. इटालियन भाषेत 'स्माल्तो' हा एकच शब्द दोन वस्तूंना लावतात: धातूवरचे मीनाकाम आणि मातीवरचे अपारदर्शक लुकण. दोन्हींचे मर्म एकच. वाटलेली काच वस्तूवर चढवायची आणि अग्नीने ती तिच्या अंगी वितळवायची. माती प्रथम एकदा भाजतात, मग लुकण चढवून हजार अंशांच्या आसपास पुन्हा भाजतात. लुकणात कथिलाची राख असली म्हणजे ते दुधासारखे पांढरे व दाट होते. कोबाल्टने निळे, तांब्याने हिरवे, मँगेनीजने जांभळे. आपल्या घरी लोणच्याची बरणी असते तिच्या गळ्याखाली तपकिरी रंगाची जी वाकडीतिकडी किनार दिसते, ती याच काचेच्या ओघाची खूण. भट्टीत ही काच पातळ होऊन खाली उतरू लागते; तिला नेमके कोठे थांबवायचे यात कारागिराचे सारे कसब.

लूका देल्ला रोब्बियाने पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या महामंदिरात पुनरुत्थानाचे शिल्प याच युक्तीने केले. त्याचे लुकण मोठे आज्ञाधारक आहे. पांढरे अंग, निळे आकाश, आणि दोहोंमधील सीमा सुरीने कापल्यासारखी. ते सुंदर आहे यात शंका नाही; त्या शांततेला तोड नाही. पण त्या शिल्पात आकार आधी ठरलेला आहे आणि रंग त्याच्या अंगावर कपड्यासारखा घातलेला आहे. फोंताना नेमका हाच करार मोडतो. त्याच्या मातीत आकार आणि रंग यांचे दोन वेगळे संसार आहेत. माती एका बाजूला पिळवटते, लुकण दुसऱ्या बाजूला वाहते. ख्रिस्ताच्या कुशीतून निघालेला लाल रंग कुशीपाशी थांबत नाही. तो कमरेच्या वस्त्रावरून, क्रूसावरून, जेथे जागा मिळेल तेथून जातो. लुकण चकाकते, त्यामुळे पाहणारा एक पाऊल सरकला की उजेडही सरकतो. आता जी बरगडी दिसत होती ती नाहीशी होते आणि तिच्या जागी नुसता प्रकाशाचा एक डाग राहतो. देह सापडतो न सापडतो तोच हरवतो. वधाच्या प्रसंगाचे याहून सत्य चित्रण कोणते? घोटलेल्या संगमरवराच्या ख्रिस्ताकडे पाहून आपल्याला त्याचे स्नायू मोजता येतात. मरणाऱ्या माणसाचे स्नायू जवळची माणसे मोजत नसतात.

आणि 'बिघडले' म्हणणाऱ्यांना एकच सांगणे. मात्सोत्तींच्या कारखान्यात लुकणाचा ओघ थांबविता येत नव्हता अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी त्याच कारखान्यातील चहाची भांडी पाहावीत.

१९५५ साली फोंतानाने 'क्रूसाची वाट' पुन्हा घडविली. मार्को झानूसो या वास्तुशिल्पज्ञाने मिलानमधील एका मातृगृहासाठी बांधलेल्या प्रार्थनागृहात ती बसवावयाची होती. या वेळी मातीचा दंगा जवळजवळ शमला आहे. पांढऱ्या लुकणातून आकृत्या जेमतेम वर येतात; रेघ बोलते, रंग अगदी मोजका. आमच्या मते ही दुसरी वाट पहिलीपेक्षा श्रेष्ठ आहे. पहिलीत वेदना ओरडते. दुसरीत ती इतकी आत गेली आहे की तिच्यापाशी थांबल्यावाचून ऐकू येत नाही. याहीपुढे त्याने मिलानच्या सान फेदेले या जेझुइटांच्या चर्चसाठी १९५६ मध्ये पवित्र हृदयाच्या दर्शनाचा लुकणाचा फलक केला, आणि त्याच चर्चच्या तळघरासाठी तिसरी 'क्रूसाची वाट', ही नुसत्या भाजल्या मातीत. ज्या माणसाने एकच विषय दहा वर्षांत तीनदा हाती घेतला आणि तिन्ही वेळा निराळा सोडविला, त्याने तो केवळ बिल वसूल करण्यासाठी घेतला असे म्हणण्यास जीभ कशी वळते?

येथवर कलापंडितांचा समाचार घेतला. पण या प्रकरणात धर्मपंडितही त्यांच्याच बाकावर बसलेले आहेत, आणि ही जोडी मोठी मौजेची आहे. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी ही दोन मंडळी फोंतानाच्या ख्रिस्तावर मात्र एकमत होतात. पहिले म्हणतात, ही कला नव्हे, धर्म आहे. दुसरे म्हणतात, हा धर्म नव्हे, कला आहे.

धर्मपंडितांची बाजू मांडताना अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, बाराव्या पायसने १९४७ च्या आपल्या परिपत्रकात आधुनिक कलेला देवालयाचे दार सरसकट बंद केले नव्हते. आदर राखून ती सेवा करील तर तिला वाव द्यावा असेच त्याने म्हटले होते, आणि विकृतीचा तेवढा निषेध केला होता. परंतु विकृती कशाला म्हणावे हे ठरविणारे जागोजागचे अधिकारी होते. फ्रान्समधील असी येथील चर्चमध्ये जर्मेन रिशिये या शिल्पकर्तीचा काशाचा ख्रिस्त १९५० साली वेदीवर बसला आणि पुढच्याच वर्षी बिशपच्या हुकमाने उतरला. तो वेदीवर परतण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. १९५२ च्या जूनमध्ये रोमच्या धर्मकचेरीने पवित्र कलेविषयी एक सूचनापत्र काढले. त्यात विक्षिप्त व विरूप मूर्तींना मनाई होती. पण त्याच पत्रात, ज्यांना कलेचे काही मूल्य नाही अशा ठराविक छापाच्या मूर्तींची वेद्यांवर गर्दी करण्यासही मनाई होती. पहिल्या कलमावरून युरोपभर वाद माजले. दुसऱ्या कलमावरून कोठे एखादा गुलाबी गालांचा प्लास्टरचा संत वेदीवरून खाली उतरल्याचे आमच्या वाचनात आलेले नाही.

याच सुमारास मिलानच्या महामंदिराच्या पाचव्या दरवाजासाठी स्पर्धा चालू होती. ती १९५० मध्ये जाहीर झाली. फोंतानाने दोन फेऱ्यांत नमुने सादर केले. त्याच्या नमुन्यांत आकृत्या चौकटीतून उसळून बाहेर येतात, त्यांच्यावर उजेड असा तुटतो की दरवाजा ही सपाट वस्तू आहे हे विसरावे. शेवटच्या फेरीत तो आणि लुच्यानो मिंगुत्सी असे दोघे बरोबरीने उरले. काम अखेर मिंगुत्सीकडे गेले आणि दरवाजा १९६५ मध्ये बसला. मिंगुत्सी हा वाईट शिल्पकार नव्हे आणि त्याच्या यशाबद्दल आम्हाला वैषम्य नाही. आमची तक्रार त्या वेळेपासून चालत आलेल्या एका समर्थनाशी आहे: फोंतानाचे शिल्प परंपरेत बसत नव्हते, असे ते समर्थन. कोणत्या परंपरेत? मिलानसारख्या नगरात हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. वाऱ्याने फुगलेली वस्त्रे, आकाशात विरघळलेले देह, भिंत कोठे संपते ते न कळू देणारा प्रकाश हे सारे बरोक युगाने कॅथलिक चर्चच्याच पैशाने व आशीर्वादाने केले. फोंतानाच्या शिष्यांच्या १९४६ च्या जाहीरनाम्यात बरोकचे ऋण उघड मान्य केलेले आहे. तो परंपरेबाहेरचा नसून तिचा धाकटा मुलगा आहे. परंपरेचे रक्षक म्हणविणारे ज्या गुळगुळीतपणाचे रक्षण करीत होते तो एकोणिसाव्या शतकातील मूर्तिविक्यांच्या दुकानांतला आहे. त्याला परंपरा म्हणणे म्हणजे आजोबांच्या छायाचित्राला कुळाचा मूळ पुरुष म्हणण्यासारखे आहे.

हा हट्ट केवळ युरोपातला नव्हता. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून आयुष्यभर चित्रे काढणारे आंजेलो द फोन्सेका यांनी मरियेला लुगडे नेसविले, तेव्हा त्यांनाही स्वधर्मीयांचे बोल ऐकावे लागले. फोन्सेकांची शांत जलरंगी मरिया आणि फोंतानाचा पेटलेला ख्रिस्त यांत साम्य काहीच नाही. पण दोघांवर फिर्याद करणाऱ्यांचा मुद्दा एकच होता. आम्हाला सवय आहे तशी ही मूर्ती नाही!

भाविकाच्या अडचणीला आम्ही हसत नाही. ज्याला गुडघे टेकून प्रार्थना करायची आहे त्याला समोर कोण आहे ते ओळखू आले पाहिजे, ही मागणी रास्त आहे. आणि वेडेवाकडे केले की ते पवित्र झाले असेही नव्हे. पण ख्रिस्ती धर्माच्या मुळाशी असलेली गोष्ट आमच्यासारख्या बाहेरच्या माणसाने सांगावी, हा प्रसंग चमत्कारिक आहे. देवाने मानवी देह धारण केला, त्या देहाला भूक लागली, घाम आला, जखमा झाल्या, असे जो धर्म सांगतो त्या धर्माच्या माणसांनी मातीला, तिच्या जडपणाला, तिच्यावर उमटलेल्या बोटांच्या ठशांना बिचकावे हे आश्चर्य नव्हे काय? कलापंडितांची भीतीही खोलात गेल्यास हीच. त्यांना चीर हवी, कारण चीर ही कल्पना आहे. तिला वजन नाही, वास नाही. मातीला दोन्ही असतात. दोघांनाही निर्मळ वस्तू हवी आहे. एकाला निर्मळ देव हवा, दुसऱ्याला निर्मळ विचार.

आता उरला तो सर्वांत धूर्त आक्षेप. फोंताना खरोखर श्रद्धावान होता काय? १९६३-६४ मध्ये त्याने जे अंडाकृती कॅनव्हास भोकांनी चाळण करून सोडले, त्यांना 'देवाचा अंत' असे नाव दिले. ज्याने देवाचा अंत पुकारला त्याच्या वेदीवरील फलकाला काय अर्थ? प्रश्न बिनतोड वाटतो खरा. पण फोंतानाने या नावाचा खुलासा केला होता, आणि त्याचा मथितार्थ असा की, देव अदृश्य व अचिंत्य आहे; तेव्हा दाढीवाला, हातात पृथ्वीचा गोल घेऊन खुर्चीवर बसलेला देव आजच्या कलावंताला काढता येत नाही. निर्गुणाचा विचार ज्यांच्या घरात लहानपणापासून कानावर पडतो, अशा वाचकांना यात नास्तिकपणा दिसेल असे आम्हाला वाटत नाही. अंत होतो तो दाढीचा आणि खुर्चीचा. म्हणूनच या शिल्पकाराने पित्याला खुर्चीत बसविण्याच्या भरीस न पडता देहधारी पुत्राकडे, त्याच्या वाटेकडे, त्याच्या पडण्याउठण्याकडे वारंवार मोर्चा वळविला. त्याच्या मनाच्या तळाशी काय होते याचा पंचनामा करण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि आक्षेपकांनाही नाही. मिलानचे धर्मपीठ ज्याने १९६३ पर्यंत सांभाळले, त्या मोंतिनीने पुढे सहावा पॉल या नावाने १९६४ च्या मे महिन्यात सिस्टिन प्रार्थनागृहात कलावंतांना बोलावून सांगितले की, आम्ही तुमच्या अंगावर शिशाचा झगा घातला, त्याबद्दल क्षमा करा. ज्या कलावंतांची नावे त्याच्या मनात असतील त्यांत फोंतानाचे होते की नाही हे कोण सांगणार; पण ज्या शहरात हा शिशाचा झगा त्याने पाहिला असेल ते शहर फोंतानाचेच होते.

वकिलीच्या भरात आम्ही अशिलाचे दोष झाकले असे कोणी म्हणू नये, म्हणून हेही लिहून ठेवतो. फोंतानाचे सगळेच क्रूस एका मोलाचे नाहीत. पन्नाशीच्या दशकात त्याने लहान लहान क्रूसारूढ ख्रिस्त पुष्कळ केले. त्यांपैकी काहींत तो पिळवटा, तो झोत आणि ते सोनेरी शिंतोडे हाताच्या सवयीने आलेले वाटतात. ते दिवाणखान्यातील फडताळावर शोभतील, प्रार्थनेच्या खोलीत नव्हे. स्वतः ज्या नाजूकपणाचा त्याने तिरस्कार केला तो येथे मागल्या दाराने आत आला आहे. आमच्या स्नेह्यांनी यांपैकी एखादा उचलून त्याला नावे ठेवली असती तर आम्ही मुकाट्याने ऐकून घेतले असते. परंतु त्यांनी नावे ठेवली ती ज्यात हात सर्वांत मोकळा होता त्यालाच.

मृत्तिकाशिल्पांकडे आता संग्रहालयांचे लक्ष वळले आहे. २०२५ साली व्हेनिसच्या गुगेनहाइम संग्रहाने फोंतानाच्या केवळ मातीच्या कामांचे प्रदर्शन भरविले. याचा आनंदच आहे. तरी एक शंका मनात राहते. मातृगृहाच्या प्रार्थनागृहासाठी केलेली ती पांढरी 'क्रूसाची वाट' आज मिलानच्या सांत एउस्तोर्जो मठाच्या आवारातील धर्मप्रांतीय संग्रहालयात आहे. सुरक्षित आहे, नीट उजेडात आहे. पण 'क्रूसाची वाट' ही पाहण्याची वस्तू नाही, चालण्याची आहे. चौदा ठिकाणी थांबायचे आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी म्हणायचे, असा तिचा विधी. तिकीट काढून आलेला मनुष्य तिसऱ्या मुक्कामापाशी घड्याळ पाहतो आणि दहाव्याकडे वळतो. दरवाजाचे नमुनेही मिलानमध्ये संग्रहालयातच आहेत. भाविक आत शिरतात ते मिंगुत्सीच्या दारातून. सान फेदेलेतील पवित्र हृदयाचा फलक मात्र ज्या चर्चसाठी केला त्याच चर्चमध्ये आहे. आमच्या स्नेह्यांचा पुढील वर्षी युरोपास जाण्याचा विचार चालला आहे. चिरलेले कॅनव्हास कोठे कोठे पाहता येतील याची यादी त्यांनी करून ठेविली आहे. तिच्या तळाशी आम्ही पेन्सिलीने सान फेदेलेचा पत्ता लिहून दिला आहे.